कोणाला विचारून?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या भुयारी मार्गाच्या पायऱ्या चढून तुम्ही वर येता. लोकलच्या गर्दीतून नुकतेच सुटलात, शर्ट पाठीला चिकटलाय. समोर मुंबई महापालिकेची दगडी इमारत आणि तिच्या पुढ्यात, वाहतुकीकडे तोंड करून उभे असलेले फेरोजशहा मेहता. पुतळ्याखालून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. आज थांबा. पिशवीतून मालमत्ता कराचं बिल बाहेर काढा आणि त्यावरची रक्कम एकदा नीट वाचा.

लहानपणी घरात न सांगता एखादी वस्तू आली की आई विचारायची, "कोणाला विचारून आणलंस?" वस्तू चांगली असो की वाईट, हा प्रश्न ठरलेलाच. पैसे घरातले होते, म्हणून विचारण्याचा हक्क घराचा होता. तोच प्रश्न शहराच्या तिजोरीपाशी उभं राहून विचारायचा असेल तर कोणी विचारायचा, कोणत्या टेबलावर आणि कोणत्या अधिकारानं? उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागेल. बिल हातात घट्ट धरा. प्रत्येक मुक्कामावर ते लागणार आहे.

१८७१ चा पावसाळा, टाउन हॉल

मोटारींचा आवाज विरतो. घोड्यांच्या टापा, चिखलाचा वास, घोडागाड्यांच्या ओल्या चामड्याचा वास. टाउन हॉलच्या रुंद पायऱ्यांवर पागोट्या, पारशी पगड्या आणि इंग्रजी हॅटा एकत्र दाटल्यात. तुमच्या हातातलं बिल आता जाड पिवळसर कागदाचं झालंय. शेजारी उभा असलेला गिरगावातला एक दुकानदारही तसंच बिल घेऊन आलाय. दर वाढलेत आणि त्याला कोणी विचारलेलं नाही.

ज्याच्यावर हा सगळा राग आहे, त्याचं नाव आर्थर क्रॉफर्ड. १८६५ च्या कायद्यानं मुंबईचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला आणि सरकारनं त्या जागी क्रॉफर्डला बसवलं. हा माणूस कामाचा आहे, हे दुकानदारही नाकारत नाही. सहा वर्षांत त्यानं गटारं काढली, रस्ते रुंद केले, गावाच्या पोटातला कत्तलखाना वांद्र्याला हलवला. १८६९ साली उभी राहिलेली मंडई तर त्याच्याच नावानं ओळखली जाते. गॅसचे दिवेही त्याच्याच काळात रस्त्यांवर आले. पण हात सैल. त्याच १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजाराचा फुगा फुटला आणि शहरातली भलीभली घराणी दिवाळखोरीत निघाली. अशा शहरात क्रॉफर्ड खर्च करत राहिला आणि म्युनिसिपालिटी कर्जात रुतली.

मग त्याला अडवायला कोणीच नव्हतं का? होतं. 'जस्टिस ऑफ द पीस' या मंडळींची सभा कायद्यानं हिशेबावर बसवलेली होती. पण हे जस्टिस सरकारनं नेमलेले होते. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं आणि पुढच्या वर्षी कोणापुढे मत मागायला जायचं नव्हतं. हिशेबावर लक्ष ठेवायचं काम होतं, पण लक्ष ठेवलं नाही म्हणून जाब विचारणारं कोणी नव्हतं. खर्च होऊन गेल्यावर, दर वाढल्यावर आणि रस्त्यावर ओरड झाल्यावर सभा जागी झाली.

आत जेम्स फोर्ब्स यांचा ठराव चर्चेला आलाय: एकट्या कमिशनरच्या हातची सत्ता काढून ती एका मंडळाकडे द्या. करदात्यांच्या बाजूनं नवरोजी फर्दुनजींसारखी माणसं लढताहेत. बाहेरचा दुकानदार तुमच्या कानाशी म्हणतो, "क्रॉफर्डसाहेब गेला की सगळं ठीक होईल."

क्रॉफर्ड गेला. पुढच्या मुक्कामावर तुम्हाला कळेल की नुसतं तेवढं पुरेसं नव्हतं.

नोव्हेंबर १८७१, धोबीतलाव

फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात तुम्ही मागच्या बाकावर बसलात. व्यासपीठावर सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर निबंध वाचतोय. विलायतेहून परतून त्याला तीनच वर्षं झालीत. श्रोते त्याच्यावर खूश नाहीत, कारण सगळं गाव ज्याला शिव्या घालतंय त्या क्रॉफर्डच्या कामाची हा तरुण बाजू घेतोय. तोच हा फेरोजशहा, ज्याच्या पुतळ्यापाशी तुम्ही मघाशी उभे होता.

हुल्लडीकडे कान बंद करा आणि त्याचं म्हणणं ऐका. काम करायला एकच हात हवा, असं तो सांगतो. रस्ता खोदायला बारा माणसांची समिती पाठवली तर रस्ता होत नाही आणि चूक कोणाची तेही कळत नाही. जबाबदारी एकावर असली तरच जाब त्या एकाला विचारता येतो. म्हणून एक कमिशनर राहू द्या. पण त्याच्या डोक्यावर बसणारी सभा करदात्यांनी निवडलेली असू द्या, आणि पैशावर डोळा ठेवणारी समिती त्या सभेतून येऊ द्या. दोष एका माणसाचा कमी आणि रचनेचा जास्त आहे.

ही गोष्ट बिलाच्या मागे लिहून ठेवा. आपल्याकडे अजूनही प्रत्येक घोटाळ्यानंतर आपण माणूस शोधतो. अधिकारी बदलला, साहेब निलंबित झाला, की समाधान मानून घरी जातो. त्या साहेबाच्या सहीआधी कोणी काय विचारायला हवं होतं आणि ते का विचारलं गेलं नाही, याची चौकशी मागे पडते. पुढे १८८८ साली हाच क्रॉफर्ड पुण्यात महसुली आयुक्त असताना लाचखोरीच्या आरोपांत सापडला. चौकशीत लाचेचा आरोप टिकला नाही, पण हाताखालच्या माणसांकडून कर्जं घेतल्यावरून नोकरी गेली. फेरोजशहांचं म्हणणं त्यामुळे खोटं पडत नाही, उलट पक्कं होतं. शहराचा कारभार एका माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवू नये.

१८७३, मतदानाचा दिवस

नवा कायदा १८७२ साली आला. ६४ जणांची सभा: ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस मंडळींनी निवडलेले, १६ सरकारनं नेमलेले. खर्च तपासायला त्यातून बारा जणांचं टाउन कौन्सिल. गिरगावचा दुकानदार नवं धोतर नेसून मत द्यायला निघालाय. तुम्हीही त्याच्या मागोमाग जाता, पण दारावर तुमचं बिल तपासलं जातं. वर्षाला पन्नास रुपये कर भरणाऱ्यालाच मत. गिरणीतला साचेवाला, गोदीतला हमाल, मासळी विकणारी कोळीण, यांच्यापैकी कोणाचंही नाव यादीत नाही. त्यांच्या खोलीचं भाडं याच शहराला पोसतं, त्यांच्याच चाळीत पटकी आधी शिरते, पण विचारण्याचा हक्क त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. मुंबईत प्रौढ मतदानानं महापालिकेची निवडणूक व्हायला १९४८ साल यावं लागलं. हा पंचाहत्तर वर्षांचा काळ लक्षात असू द्या, म्हणजे आज मतदानाची सुट्टी लोणावळ्याला घालवताना हात थोडा अडखळेल.

पुणे, नगरपालिकेची सभा

गाडी घाट चढते. पुण्याच्या नगरपालिकेत तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. बत्तीस सदस्य, सगळे सरकारनं नेमलेले. विषय आहे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सन्मानासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा. अध्यक्षांनी मंजुरी मागितलीय. असल्या विषयावर कोण बोलणार? माना डोलतात.

एक माणूस विरोधात उभा राहतो. जोतीराव फुले, १८७६ पासून नगरपालिकेचे सदस्य. करदात्यांचा पैसा पाहुण्याच्या थाटामाटावर उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. मत मोजलं जातं तेव्हा बत्तिसांत विरोधाचं मत एकच.

खर्च मंजूर होतो. मग या एका मताचा उपयोग काय झाला? तुम्ही इथे, इतक्या वर्षांनी, त्या खर्चाविषयी वाचताय, हा उपयोग झाला. ते मत पडलं नसतं तर ते हजार रुपये हिशेबाच्या वहीत एक ओळ बनून निपचित पडले असते. हरकत नोंदवली गेली की निर्णयाला साक्षीदार मिळतो. पुण्यात मोठी मंडई बांधायचा विषय आला तेव्हाही फुल्यांनी विरोध केला. शाळा आधी, मंडई नंतर. ती मंडई बांधली गेली आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे. मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केटही आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. पुढच्या वेळी तिथे आंब्याची पेटी घ्यायला गेलात तर दारावरची पाटी वाचा. हात सैल असलेल्या कमिशनरचं नाव जाऊन तिथे हिशेब मागणाऱ्या सदस्याचं नाव लागलंय. शहरानं केलेली ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते.

१८८८ नंतर, समितीच्या टेबलावर

आता सगळ्यात जास्त वेळ थांबायचा मुक्काम. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा. सरकारच्या मूळ मसुद्यात कमिशनरकडे पुन्हा फार अधिकार गेले होते. कायदेमंडळात फेरोजशहा आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी तो कलमागणिक लढवून बदलून घेतला. याच कायद्यावर, पुष्कळ दुरुस्त्यांसह, मुंबई आजही चालते.

या कायद्यानं तीन खुर्च्या वेगवेगळ्या मांडल्या. पहिली महापालिकेच्या सभेची, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाची. दुसरी स्थायी समितीची. तिसरी आयुक्तांची. आयुक्त काम करणार, समिती पैसा आणि कंत्राट तपासून मंजुरी देणार, सभागृह शहराच्या वतीनं अखेरचा शब्द बोलणार. समिती तेव्हा बारा जणांची होती, पुढे ती सत्तावीस जणांची झाली. आठवड्याला बैठक व्हायलाच हवी, असं कायदा सांगतो. आयुक्त बैठकीला बसू शकतात, बोलू शकतात, पण त्यांना मत नाही. ज्याच्या कामाची तपासणी चाललीय त्यानं स्वतःच्या बाजूनं हात वर करायचा नाही, ही साधी गोष्ट कलमात लिहून ठेवलेली आहे. मुख्य लेखापरीक्षक हिशेब तपासतो आणि अहवाल समितीला देतो. दरवर्षीचं अंदाजपत्रक आयुक्त आधी या समितीपुढे मांडतात.

तुम्हाला एक रिकामी खुर्ची दिली जाते. समोर विषयपत्रिकेचा गठ्ठा. वरचा प्रस्ताव उचला: समजा, पावसाळ्याआधीच्या नालेसफाईचा. पहिल्या पानावर रक्कम, दुसऱ्यावर कंत्राटदार, तिसऱ्यावर प्रशासनाची शिफारस. शिपाई चहा ठेवून जातो. बाजूचा सदस्य कुजबुजतो, "नेहमीचाच विषय आहे, होऊन जाऊ द्या."

होऊ देऊ नका. निविदा किती आल्या, विचारा. एकच आली असेल तर का? पालिकेनं स्वतः काढलेला अंदाज किती आणि कंत्राटदाराचा भाव किती? भाव अंदाजापेक्षा फार वर असेल तर कारण मागा. फार खाली असेल तर आणखी सावध व्हा. तोटा सोसून गाळ कोणी उपसत नाही, कुठेतरी काम चोरलं जाणार. गेल्या वर्षी याच नाल्यातून किती टन गाळ काढला आणि तो नेऊन टाकला कुठे? वजनकाट्याच्या पावत्या मागवा. पावतीवर गाडीचा नंबर असतो. एकच गाडी एका दिवसात किती फेऱ्या करू शकते, याचं गणित पाचवीतल्या मुलालाही जमतं. सकाळी नाला, दुपारी डम्पिंग ग्राउंड आणि मधे मुंबईची वाहतूक धरून हिशेब मांडा. उत्तर जुळत नसेल तर स्थळपाहणी मागा.

दालनातला आवाज आता बदलतो. अधिकारी मागच्या रांगेतल्या अभियंत्याकडे वळून पाहतात. अभियंता फाइल चाळू लागतो. अध्यक्ष म्हणतात, "प्रस्ताव राखून ठेवण्यात येत आहे." इतकंच होतं. कोणाला अटक होत नाही, टाळ्या पडत नाहीत, उद्याच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. पण पुढच्या आठवड्यात प्रस्ताव परत येतो तेव्हा त्याला पावत्या जोडलेल्या असतात. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, प्रस्ताव लिहिणाऱ्याच्या मनात टेबलाच्या या बाजूला बसलेला प्रश्न आधीच असतो. छाननीचं खरं फळ हेच. एक प्रश्न नीट विचारला गेला की पुढचे दहा प्रस्ताव सुधारून येतात.

मला ठाऊक आहे, तुमच्या ओठावर काय आलंय. 'टक्केवारी'. हा शब्द मुंबईला शिकवावा लागत नाही. स्थायी समितीला लोक पालिकेच्या तिजोरीच्या चाव्या म्हणतात, आणि चावी ज्याच्या हाती त्याच्याकडे संशयानं पाहिलं जातं. अडवण्याचा अधिकार दोन्ही कामांना येतो: जनतेसाठी अडवायला आणि स्वतःसाठी अडवायला. हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच आणखी एक मुक्काम घेऊ.

१९०७, एक निवडणूक

फेरोजशहा आता साठी ओलांडलेले, मुंबईच्या सभागृहाचे अनभिषिक्त नेते. त्यांना बाहेर काढायचा चंग काही बड्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधलाय. जस्टिस मंडळींच्या सोळा जागांची निवडणूक होते आणि निकाल लागतो तेव्हा फेरोजशहा सतरावे. अख्खी मुंबई हादरते.

पण निवडून आलेल्या सोळांपैकी एकाचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध निघतो. कायदा म्हणतो, पालिकेशी ज्याचा कंत्राटाचा व्यवहार आहे त्याला पालिकेत बसता येणार नाही. तो उमेदवार अपात्र ठरतो आणि सतरावे फेरोजशहा आत येतात. योगायोगाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. मला तिच्यात कायद्याची दूरदृष्टी दिसते. हिशेब तपासणाऱ्याचं बोट त्याच हिशेबात अडकलेलं नसावं, हे त्या कायद्याला ठाऊक होतं. टक्केवारीवरचा इलाज समिती बंद करणं हा नाही. सदस्याचे हितसंबंध उघड करायला लावणं, इतिवृत्त लोकांना वाचायला देणं, आणि 'मंजूर' म्हणणाऱ्याचंही नाव नोंदवून ठेवणं, हा आहे. राखणदार झोपला म्हणून आपण दाराला कुलूप लावणं सोडत नाही.

फेब्रुवारी २०२३

आता परतीच्या वाटेवर, अगदी जवळचा मुक्काम. इमारत तीच, १८९३ साली पूर्ण झालेली, जिची कोनशिला लॉर्ड रिपननं १८८४ साली बसवली होती. स्थानिक स्वराज्याचा ठराव करणारा तोच रिपन. बाहेर फेरोजशहाही तेच. पण आत स्थायी समितीचं टेबल रिकामं आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि आयुक्तच प्रशासक झाले. अंदाजपत्रक मांडायचा दिवस उजाडतो. रक्कम ५२,६१९ कोटी रुपये. अतिरिक्त आयुक्त ते अंदाजपत्रक सादर करतात. कोणाला? प्रशासकांना, म्हणजे आयुक्तांनाच.

तुम्ही दाराशी उभे आहात आणि तुमच्या हातातलं १८७१ चं पिवळं बिल जड होत चाललंय. १८८८ नं तीन खुर्च्या वेगवेगळ्या मांडल्या होत्या, त्या तिन्हींवर आज एकच माणूस बसलाय. तो माणूस प्रामाणिक असेल, कष्टाळू असेल. क्रॉफर्डही कष्टाळू होता. याच काळात शहराच्या रस्त्यांच्या काँक्रिटीकरणासाठी सहा हजार कोटींच्या घरातली कंत्राटं दिली गेली. ती योग्य होती की अयोग्य, हे मी इथे ठरवत नाही. मला अस्वस्थ करतं ते हे, की 'निविदा किती आल्या?' हे त्या टेबलावर बसून विचारणारं कोणी नव्हतं. वर्तमानपत्रांनी विचारलं, माजी नगरसेवकांनी पत्रं लिहिली, नागरिकांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले. त्यांना उत्तर मिळालं तर काम सुरू झाल्यावर. समितीला उत्तर द्यावं लागतं ते सहीच्या आधी. या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षं. दरम्यान २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींवर गेलं होतं. १८७१ मध्ये गिरगावचा दुकानदार जी तक्रार घेऊन टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभा होता, ती तक्रार घेऊन मुंबई पुन्हा तिथेच उभी राहिली होती. आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या पुष्कळांच्या हे लक्षातही आलं नाही. नळाला पाणी येत होतं, कचऱ्याची गाडी येत होती. प्रश्न विचारणं थांबलं तर आवाज होत नाही, म्हणून ते कळत नाही.

आज, पुतळ्यापाशी

तुम्ही पुन्हा फुटपाथवर आहात. बिल पुन्हा पांढऱ्या कागदाचं झालंय, वर तुमचं नाव आहे. २२७ नगरसेवक आत आलेत. त्यातला किंवा त्यातली एक तुमच्या प्रभागाची आहे. त्यांचं नाव तुम्हाला आत्ता, मोबाइल न काढता, सांगता येईल?

नसेल येत तर आज संध्याकाळपर्यंत शोधा. मग त्यांना एकच गोष्ट विचारा, नाल्याची नाही, गटाराची नाही, फुटपाथची नाही: "तुम्ही सभागृहात गेल्या महिन्यात कोणता प्रश्न विचारलात?" काम करून घेण्यासाठी आपण नगरसेवकाकडे जातो आणि तोही कामं करून देण्यात धन्यता मानतो. पण काम करायला आयुक्त आहे, त्याचे हजारो कर्मचारी आहेत. नगरसेवकाला आपण पाठवलंय ते विचारायला. फुल्यांना बत्तिसांत एकच मत मिळालं, ते त्यांचं स्वतःचं. तेवढ्यावर त्यांनी भागवलं. आपल्याकडे निदान २२७ माणसं आहेत, आणि त्यांच्यामागे पन्नास रुपयांची अट नसलेले आपण सगळे.

बिल घडी करून खिशात ठेवा. कर मुदतीत भरा, अगदी शेवटचा पैसाही. आणि भरताना आईचा तो प्रश्न सोबत ठेवा. तिच्या 'कोणाला विचारून?'मध्ये धाक होता तितकीच मायाही होती. घर आपलं आहे असं वाटल्याशिवाय कोणी तो विचारत नाही.